गांजाच्या रोपाचं बोनसाय करता येतं का? आणि पुण्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ओंटारियोत राहता, बोनसायचा नाद नवीन आहे, गांजाच्या रोपाची बुटकी, वळणदार झाडं फोटोंत पाहिलीत. हे खरंच जमतं का, कसं करायचं, आणि पुढच्या वर्षी पुण्याला परतल्यावर तिथे करता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

यावर आपल्याकडे हमखास एक युक्तिवाद येतो. "अहो, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. पानं म्हणजे भांग, आणि भांग तर चालते. मी फुलोरा येऊच देणार नाही, मग काय बिघडलं?" यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे, नुसती पानं आणि नुसत्या बिया त्यात येत नाहीत. म्हणून तर काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं चालतात. पण त्याच कायद्याचं कलम ८ लागवडीबद्दल बोलतं, आणि तिथे गांजा हा शब्द नाही, या जातीचं कुठलंही झाड असा शब्दप्रयोग आहे. फुललेलं असो वा नसो. शिक्षा कलम २० मध्ये: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शेत की बाल्कनीतली कुंडी, असा फरक तिथे केलेला नाही. उत्तराखंडात धाग्यासाठी लागवडीचे परवाने दिले जातात हे खरं, पण कोथरूडच्या गच्चीतल्या छंदाला त्याचा उपयोग नाही. आणि इथलं झाड किंवा त्याचं कटिंग सामानात घालून न्यायचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका. कॅनडाच्या सीमेबाहेर ते नेणं हा कॅनडाच्या कायद्यानेही गुन्हा आहे.

ओंटारियोत मात्र चालतं. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात घरटी चार रोपं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी. दोघं नवराबायको आहोत म्हणून आठ, असं नाही. झाड चार इंचांचं असो की चार फुटांचं, मोजताना एकच. वय एकोणीस पूर्ण हवं, बी परवानाधारक दुकानातून घ्यायचं. भाड्याच्या घरात असाल तर आधी भाडेकरार वाचा, त्यात मनाई असू शकते. क्वेबेकमध्ये राहायला जाणार असाल तर तिथे घरगुती लागवडीला बंदी आहे, आणि ती २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही उचलून धरली.

आता मूळ मुद्दा. मी हे करून पाहिलंय, एकदा नाही, दोनदा. पुण्यात असताना मी सहा-सात वर्षं बोनसायच्या वर्गाला जायचे, एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बोनसायच्या मांडवात ताटकळत उभं राहायचे. त्यामुळे इकडे कॅनडात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात हात शिवशिवत होते आणि घरात एकही झाड नव्हतं. शेजारच्या परसात गांजाचं रोप पाहिलं, ते मे महिन्यात गुडघ्याएवढं होतं आणि जुलैत माझ्या खांद्याला लागलं. मनात म्हटलं, जे एवढ्या झपाट्याने वाढतं त्याला वळणही झपाट्याने लागेल.

लागतं. पण त्याला बोनसाय म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि का ते सांगते.

हे वर्षायू झाड आहे. उन्हाळ्यात वाढायचं, दिवस लहान व्हायला लागले की फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं. बोनसायमध्ये आपण जे पाहतो ते काय असतं? बुंध्याशी पसरलेली मुळांची बैठक, खाली जाड वर निमुळतं होत गेलेलं खोड, भेगाळलेली साल. हे सगळं वर्षांचं काम आहे. या झाडाकडे वर्षंच नाहीत. खोड बुंध्याशी थोडं लाकडासारखं होतं खरं, पण आत भेंड किंवा चक्क पोकळी असते. बाहेरून वड आणि आतून बोरू.

मग फोटोंतली ती सुंदर झाडं? त्यातली बरीचशी घरात दिव्याखाली ठेवलेली असतात. रोज अठरा तास उजेड दिला की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते फुलायचं टाळतं. अशा रीतीने ते दोन-तीन वर्षंही जगवता येतं. रोपवाटिकावाले कटिंगसाठी 'मदर प्लांट' म्हणून ठेवतात ती अशीच. त्यांना मोठ्या कुंडीत वाढू देण्याऐवजी सतत छाटून लहान ठेवलं, की फोटोत दिसतं तसं झाड तयार होतं. थोडक्यात, तो काळ थांबवून ठेवण्याचा प्रकार आहे. एकदा टायमर बिघडला की संपलं.

कसं करायचं हे विचारलंत, तर माझ्या हाताला जे कळलं ते सांगते.

बी घेताना 'ऑटोफ्लॉवर' लिहिलेलं पाकीट घेऊ नका. मी पहिल्या वेळी नेमकं तेच घेतलं, स्वस्त होतं म्हणून. ही जात उजेडाचे तास बघत नाही, वय बघते. महिन्याभरात फुलायला लागते आणि दोन-अडीच महिन्यांत गाशा गुंडाळते. मी पहिली तार लावायला बसले तोवर बाईसाहेबांना फुलोरा आला होता. त्याला आकार देणं म्हणजे धावत्या एसटीत बसून दोरा ओवणं.

बियांपेक्षा कटिंग बरं. बियाला सोटमूळ येतं, ते उथळ ट्रेमध्ये मावत नाही आणि छाटलं तर कोवळं रोप आठवडाभर रुसून बसतं. कटिंगला सोटमूळ नसतंच, मुळं आडवी पसरतात. बोनसायच्या ट्रेला हेच हवं असतं. मुळं धरायला साधारण दोन आठवडे लागतात. पण लगेच ट्रेमध्ये घालू नका. आधी साध्या सहा इंची कुंडीत महिनाभर जोम धरू द्या, खोड पेन्सिलीएवढं होऊ द्या, मग वळणाचं बघा.

माती पाणी झिरपणारी हवी. पुण्यात आपण विटांचा चुरा, जाड वाळू आणि शेणखत घालायचो, इथे मी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, आणि कंपोस्ट घेतलं. एक फरक लक्षात ठेवा. वड किंवा दुसरा कुठलाही फायकस एखादा दिवस विसरलात तरी क्षमा करतो. हे झाड उथळ ट्रेमध्ये जुलैच्या उन्हात दुपारपर्यंत मान टाकतं. मला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागायचं, आणि शनिवार-रविवार कुठे जायचं म्हटलं की आधी झाडाची सोय. गांजा नाव का पडलं याची व्युत्पत्ती भाषातज्ज्ञ काय सांगायची ती सांगोत. मला त्या उन्हाळ्यात त्या झाडाने गांजलं होतं, एवढं खरं.

तारेबद्दल. अॅल्युमिनियमची दीड ते दोन मिलिमीटरची तार पुरते, तांब्याची लागत नाही. वळण हिरव्या भागातच घ्यायचं, आणि घेण्याआधी तो भाग अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चेपायचा, लिंबू पिळण्याआधी चेपतो तसा. आत काहीतरी सैल झाल्यासारखं जाणवतं. मग वाकवायचं. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली. सरळ झटका दिला आणि कट् असा आवाज झाला. अर्ध्या उंचीवर खोड मोडलं होतं. वरचा भाग लोंबकळत होता, पण तुटून पडला नव्हता. पाहते तर साल शाबूत होती. आतलं लाकूड मोडलेलं, आणि बाहेरचे धागे तागाच्या दोरीसारखे घट्ट. या झाडाचे दोर आणि कापड जगभर का विणले गेले ते त्या क्षणी बोटांना कळलं. मी तो भाग सरळ जोडून वर प्लंबरची टेप गुंडाळली आणि पाठीला आइस्क्रीमची काडी बांधली. दहा दिवसांनी टेप काढली तेव्हा तिथे सुपारीएवढी गाठ आली होती, आणि वरचा शेंडा काही घडलंच नाही अशा थाटात वाढत होता. सबंध झाडात म्हातारं दिसणारं तेवढंच एक ठिकाण होतं, आणि ते माझ्या चुकीने आलेलं.

तार फार दिवस ठेवू नका. फायकसवर आपण दोन-तीन महिने ठेवतो. इथे आठव्या दिवशी तार सालीत रुतायला लागली. दर तीन दिवसांनी बघायचं, आणि काढताना उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढायचं.

शेंडा खुडला की खालच्या पेरातून दोन फुटवे येतात, त्यांचे शेंडे खुडले की चार. हे गणित कुठल्याही झाडाचं आहे, पण इथे ते आठवड्यात दिसतं. खरी पंचाईत पानांची. पंजासारखं पसरलेलं, पाच-सात पात्यांचं, तळहाताएवढं पान दहा इंची झाडावर म्हणजे पोराच्या डोक्यावर आजोबांचा फेटा. मोठी पानं देठासकट काढत राहिलं आणि उजेड भरपूर दिला तर पुढची थोडी लहान येतात. थोडीच. बोनसायमध्ये पान लहान होणं हा अर्धा खेळ आहे आणि इथे आपण तो अर्धा खेळ सुरुवातीलाच हरलेले असतो.

माझं दुसरं झाड जुलैअखेर नऊ इंचांचं होतं, डावीकडे झुकलेलं, तीन फांद्यांचं, खरंच बरं दिसत होतं. त्या सुमाराला सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेल्या, ट्रेजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "अंबाडी लावलीस होय गं? एवढीशीच? भाजीला कशी पुरायची?" मी क्षणभर गप्प. मग "हो, बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण त्या काही अगदीच चुकल्या नव्हत्या. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजेच कॅनाबिससारखी, आणि कॅनाबिस हे गांजाचं शास्त्रीय नाव. पान बघूनच ते नाव पडलंय, आणि धाग्यासाठी दोन्ही लावतात.

पुढे काय झालं तेही ऐका. दिवे लावायचा खर्च नको म्हणून मी झाड बाहेरच ठेवलं होतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत रात्री पुरेशा लांबल्या आणि झाडाला फुलायची घाई झाली. फुलण्याआधी ही झाडं एकदम ताणून उंच होतात, दोन-तीन आठवड्यांत दुप्पट. मराठीत बोनसायला वामनवृक्ष म्हणतात. माझा वामन तीन आठवड्यांत त्रिविक्रम झाला. सगळी वळणं खाली राहिली आणि वर सरळसोट काठ्या. शिवाय वास. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये मला फार समजूतदार हसू दिलं. ऑक्टोबरात पहिलं गोठवणारं दहिवर पडलं आणि झाड काळवंडलं. ट्रे धुऊन ठेवला.

घरात कुत्रं असेल तर हा प्रयोग करूच नका, त्यांना हे झाड विषारी आहे. लहान मुलं असतील तरी नको. आणि हिवाळ्यात घरात दिव्याखाली ठेवलंत तर पानांच्या मागच्या बाजूला लाल कोळी पडते, ती आधी भिंगातून दिसते आणि मग एकदम जाळ्यांतूनच.

म्हणून माझं मत असं, की हे झाड म्हणजे सरावाची पाटी आहे. तार कशी लावावी, फांदी कुठे ठेवावी, खुडलं की काय होतं, हे फायकसवर शिकायला चार वर्षं लागतात आणि इथे चार महिन्यांत चुका करून मोकळं होता येतं. पाटी पुसली जाते याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. पण तुम्हाला दहा वर्षांनी ज्याच्याकडे बघत चहा प्यावा असं झाड हवं असेल, तर याच्या नातेवाइकांकडे वळा.

नातेवाईक म्हणजे खरोखरचे. याच कुळात, कॅनाबेसीमध्ये, सेल्टिस नावाची झाडं येतात. आधी ती एल्मच्या कुळात धरत, पुढे जनुकांच्या अभ्यासानंतर इकडे आणली. जपानमध्ये त्यांच्यातल्या एका जातीला एनोकी म्हणतात आणि ती बोनसायची जुनी, मानाची जात आहे. तुमच्या ओंटारियोत तिचीच बहीण रानात उगवते, हॅकबेरी. राखाडी, खवल्याखवल्यांची साल, लवचीक फांद्या, छाटणी मुकाट सोसणारी, आणि इथल्या थंडीची सवय असलेली. माझं रोपवाटिकेतून आणलेलं मनगटाएवढ्या खोडाचं झाड आता पाचव्या वर्षात आहे. दरवर्षी नोव्हेंबरात कुंडीसकट परसात पुरून ठेवते आणि वर पालापाचोळा लोटते. त्याला ना टायमर लागतो ना कायद्याचं कलम.

आणि पुण्याला परतल्यावर? तुमचा जीव त्या पंजासारख्या पानावरच जडला असेल, तर निर्गुंडी. हसू नका. तिच्या एका उपजातीला वनस्पतिशास्त्रात कॅनाबिफोलिया, म्हणजे गांजाच्या पानांची, असंच नाव आहे. तीन-पाच पात्यांचं पान, खालून पांढुरकं, चुरगाळलं तर उग्र वास, निळसर जांभळी बारीक फुलं. आपल्याकडे शेतांच्या बांधावर कुंपणाला सर्रास असते, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. गुडघे धरले की तिचाच पाला शेकायला आणतात. आणि हे खरं लाकडी झाड आहे. चीन-तैवानकडे हिच्या जुन्या खोडांची बोनसाय फार नावाजलेली आहेत. आमच्या वर्गातल्या बाईंकडे सासवडच्या बांधावरून आणलेली एक होती, अर्धं खोड वाळून पांढरं पडलेलं आणि उरलेल्या अर्ध्यावर इवली इवली पानं. आम्ही सगळे महागड्या जुनिपरभोवती, म्हणजे एका परदेशी सूचिपर्णी झाडाच्या बोनसायभोवती, गर्दी करायचो तेव्हा बाई म्हणायच्या, "ते विकत आणलंय. हे बघा, हे बांधावरचं आहे." तेव्हा मी काही फार लक्ष दिलं नाही.

बांधावरचं जुनं खोड मिळालं तर मालकाला विचारून, मुळांभोवती मातीचा गोळा राखून काढा. नाही मिळालं तर अंगठ्याएवढ्या जाड फांदीचं वीतभर कटिंग मृगाच्या सुमाराला कुंडीत लावा, तिरकं. तिरकं लावलं की पहिलं वळण फुकट मिळतं. वर्षभर तार लावू नका, नुसती वाढू द्या. पानं लहान व्हायला दुसरा उन्हाळा लागेल. आणि सोसायटीतलं कुणी संशयाने बघायला लागलं, तर एक पान तोडून हातावर चोळून वास घ्यायला सांगा. गुडघे दुखणाऱ्या कुठल्याही माणसाला तो ओळखीचा असतो.